चार आणि पाच यांच्या मधला माणूस

मंडळात त्याला सगळे साडेचार म्हणत. तोंडावर साडेचार काका, पाठीमागे नुसतं साडेचार. त्याला ते आवडायचं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला स्वतःच्या नावापेक्षा एखादा अपूर्णांक प्यारा व्हावा, याला कारण होतं आणि ते कारण मोजून तेरा सेकंदांचं होतं.

धंद्याने तो कवळ्या करणारा. एका दातांच्या दवाखान्याच्या तळघरात त्याची खोली. खिडकी एकच, तीही छताला लागून. तिच्यातून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त पाय दिसत. वर डॉक्टरीणबाई लोकांच्या हिरड्यांचे ठसे घेत, ते खाली येत. तो ठशात प्लास्टर ओतून साचा काढी, साच्यावर मेणाची हिरडी चढवी, मेणात एकेक दात रोवी, आणि सगळं मनासारखं झालं की मेण वितळवून त्या जागी गुलाबी प्लास्टिक शिजवी. फळीवर पन्नास-साठ अनोळखी तोंडं आ वासून बसलेली असत. डबा तो त्यांच्यासमोरच खाई.

"एवढ्या जणांसमोर एकट्यानं खाताना लाज नाही वाटत?" डॉक्टरीणबाई विचारत.

"त्यांना दात कुठायत," तो म्हणे.

कवळी बसवायच्या दिवशी बाई त्याला वर बोलावत. नवी कवळी तोंडात नीट बसली की नाही हे आरशात कळत नाही, बोलण्यात कळतं. 'त' आणि 'द' म्हणताना जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते; दात केसभर पुढेमागे झाले की अक्षर घसरतं. म्हणून पेशंटकडून काहीतरी वदवून घ्यायचं असतं. दुसरे कारागीर 'दात, दूध, दादा' म्हणायला लावतात. हा गेली पस्तीस वर्षं एकच वाक्य म्हणायला लावत होता : "म्हणा, दिवा तुझा." पेशंट बिचारे म्हणत. का म्हणायचं हे कोणी विचारलं नाही.

हे वाक्य 'टोकाचा दिवा' या मालिकेतलं. मालिका पन्नास वर्षं चालू आहे. माणसाला ठाऊक असलेलं आकाश जिथे संपतं तिथे एक दीपगृह, आत एकटा राखणदार. येणाऱ्या-जाणाऱ्या यानांना त्याने वाट दाखवायची, आणि दर भागात दारात कोणीतरी विचित्र पाहुणा. नट म्हातारा झाला, भांडला किंवा कंटाळला तरी मालिका थांबत नाही. जुना राखणदार नव्या माणसाचा हात हातात घेतो, "दिवा तुझा" म्हणतो आणि उजेडात विरघळून जातो. तसाच लांब राखाडी कोट घालून नवा माणूस काम पुढे चालू करतो. असे आजवर अकरा झाले. प्रेक्षक त्यांना नटाच्या नावाने ओळखत नाहीत, आकड्याने ओळखतात. चाहत्यांच्या मंडळात कोणी नवीन आलं की 'राहता कुठे' असं विचारत नाहीत, 'कोणाचे?' असं विचारतात. उत्तरंही तशीच : मी तिसऱ्याचा. ही सातव्याची. आमच्या घरात सगळे दुसऱ्याचे, जावई तेवढा आठव्याचा निघाला, पण मुलगा चांगला आहे.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी चौथा राखणदार दिग्दर्शकाशी भांडला आणि निरोपाचा प्रसंग चित्रित व्हायच्या आधीच निघून गेला. नवा नट, म्हणजे पाचवा, तयार होऊन उभा. दिवा त्याच्या हाती द्यायला कोणी नाही. चौथ्याचा कोट त्याच्या अरुंद खांद्यांच्या मापाने शिवलेला, दुसऱ्या कोणाला चढेना. कपडेपटात या कवळीवाल्याचा मावसभाऊ कामाला होता. तो भर दुपारी कवळ्यांच्या खोलीत आला, म्हणाला, "खांदे दाखव," आणि टेप लावून मापच घेतलं.

तेरा सेकंद. उजेड पाठीमागून, चेहरा अंधारात. हनुवटी, ओठ आणि बोलताना वरचे चार दात एवढंच दिसतं. वाक्य त्याने म्हटलं आणि तोच आवाज राहिला, कारण चौथा त्यासाठीही यायला तयार नव्हता. नामावळीत नाव आलं नाही. तेव्हा त्याला त्याचं काही वाटलं नाही.

त्या दिवशीची एक गोष्ट मात्र त्याने कोणालाच सांगितली नव्हती. पाचवा तेव्हा तीस वर्षांचा होता, पहिलंच मोठं काम, तळहात घामाने ओला. दिवे लागायच्या आधी तो पुटपुटला होता, "हात घट्ट धर रे, मला भीती वाटतेय." पुढे हा पाचवा सगळ्यांत लाडका राखणदार झाला. नऊ वर्षं टिकला. त्याची ती भीती उघड करणं कवळीवाल्याला बरोबर वाटलं नाही. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. एरवी सांगूनही उपयोग नव्हता म्हणा. तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्या तेरा सेकंदांचा निकाल लावून टाकला होता. "तुमची हनुवटी बरी दिसते त्यात," ती म्हणाली होती. "बाकीचं झाकलंय ते चांगलं केलंय."

मंडळाने त्याला बारा वर्षांपूर्वी शोधून काढलं, म्हणजे तो स्वतःच गेला आणि सांगितलं. लोक हरखले. त्यांनी साडेचार हे नाव ठेवलं, त्याच्याकडून दहा वेळा ते वाक्य म्हणवून घेतलं, चहाच्या वेळी खुर्ची दिली. सभासदांच्या वहीत 'कोणाचे' हा रकाना असतो. त्याच्या नावापुढे तिथे रेघ मारली, कारण तो स्वतःच एक होता. अर्धा का होईना.

मग मालिकेची पन्नास वर्षं जवळ आली आणि मंडळाने वंशावळ छापायची ठरवली. मोठा तक्ता, त्यावर सगळे राखणदार क्रमाने. सभेच्या खोलीत तो कायमचा लावायचा आणि सगळीकडच्या मंडळांना पाठवायचा. कवळीवाल्याने रीतसर अर्ज लिहिला. चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये आपली जागा असावी. मागणी तेवढीच. पण अर्जाच्या शेवटी त्याने एक शब्द जास्त लिहिला आणि घोडं तिथे अडलं. त्याने लिहिलं : 'पूर्ण जागा.'

"पूर्ण कशाला?" बायको म्हणाली. "अहो, अर्धी देतायत ती घ्या की. हावरटपणा नुसता."

"अर्धी माणसं हात धरत नसतात," तो म्हणाला. हे तिला कळलं नाही आणि त्यानेही फोड करून सांगितलं नाही.

सभा रविवारी दुपारी, वाचनालयाच्या वरच्या खोलीत. चाळीसेक माणसं होती. अध्यक्षस्थानी कोशकार. हा घरोघर फिरून विजेचे मीटर वाचणारा माणूस; मालिकेचा बाराशे पानांचा कोश त्याने एकट्याने लिहिला होता आणि आकडा चुकला की त्याला शिसारी येई. त्याच्या उजवीकडे क्ष-किरणवाली. ती दिवसभर इस्पितळात लोकांची हाडं बघे आणि घरी मालिका एकेक चित्र थांबवून बघे. समोर पहिल्या रांगेत पाचव्याची. बसमध्ये तिकिटं तपासायची नोकरी, आवाज त्या नोकरीला साजेसा. पाचव्याचे चाहते पुष्कळ असले तरी 'पाचव्याची' म्हटलं की हीच.

"अर्जदार म्हणतात पूर्ण जागा," कोशकाराने सुरुवात केली. "पूर्ण जागा म्हणजे पूर्ण आकडा. म्हणजे हे पाचवे. म्हणजे पाचवा सहावा, सहावा सातवा, आणि आजचा अकरावा बारावा."

"आणि मी?" पाचव्याची उठून उभी राहिली. "तीस वर्षं मी पाचव्याची आहे. उद्यापासून सहाव्याची? या वयात?"

हशा पिकला.

"मावशी, माणूस तोच राहील," मागून कोणीतरी म्हणालं. "नंबर बदलेल फक्त."

"बस तीच आणि नंबर बदलला तर तू चढशील का रे तिच्यात?"

कोशकाराने आपला कोश टेबलावर थोपटला. "बाराशे पानं बदलावी लागतील. मी बदलणार नाही."

"मग साडेचारच ठेवू," मागच्या रांगेतून सूचना आली. "सवयीचं आहे."

"ते लाडानं. छापायचं तर हिशोब नको?" कोशकार म्हणाला. "साडे म्हणजे अर्धा. तेरा सेकंदांचा अर्धा राखणदार? चौथ्यानं तीन वर्षं काम केलंय. सव्वासुद्धा जास्त होतो."

"सव्वाचार," कोणीतरी म्हणून बघितलं. "सव्वाचार काका. बरं वाटतं की."

"का, पावणेपाच का नको? ते पाचव्याला जवळ आहेत. हात पाचव्याचा धरलाय."

"पावणे म्हणजे पाचव्यातून पाव कमी केल्यासारखं होतं," पाचव्याची कडाडली. "माझ्या माणसातलं काही कापायचं नाही."

"नशीब, काका दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये नव्हते. अडीच झाले असते."

"पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये असते तर दीड. दीडशहाणे."

पुन्हा हशा. कवळीवालाही हसला. आपल्याला कापून वाटून घेताहेत आणि आपण हसतो आहोत, हे त्याच्या ध्यानात आलं. पण हसू एकदम आवरलं तर लोकांना वाटेल याला लागलं, म्हणून तो थोडा वेळ हसत राहिला.

मग क्ष-किरणवाली बोलली. तिचा आवाज मऊ होता. "अपूर्णांकाचं नंतर बघू. आधी हे सिद्ध व्हायला हवं की तो माणूस हेच आहेत. आजवर आपण यांच्या शब्दावर चाललो."

बारा वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. तिने पडद्यावर ते चित्र लावलं. अंधारी हनुवटी, उघडे ओठ, वरचे चार दात. डावा सुळा शेजारच्या दातावर चढलेला.

"काका, तुमचा सुळा?"

"तसाच आहे," तो म्हणाला आणि ओठ वर करून दाखवला. सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता.

"हे दात तुमचे आहेत?"

इथे खोटं बोलता आलं असतं. पण दातांच्या बाबतीत तो कधी खोटं बोलला नव्हता. "कवळी आहे," तो म्हणाला. "हिरड्या खराब झाल्या, पन्नाशीत दात काढावे लागले. पण शिकत असताना आम्ही एकमेकांचे ठसे घ्यायचो. माझ्या दातांचा तेव्हाचा साचा माझ्याकडे होता. त्यावरून हुबेहूब केली. सुळा मुद्दाम तसाच ठेवला. डॉक्टरीणबाई हसल्या होत्या. म्हणाल्या, लोक सरळ करून घेतात आणि तुम्ही वाकडा लावून घेताय."

"म्हणजे काढता येईल," क्ष-किरणवाली म्हणाली. "पडद्यावर शेजारी ठेवून माप घेता येईल."

चाळीस माणसांसमोर कवळी काढणं म्हणजे काय हे कवळीवाल्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. पेशंट रुमाल धरतात, भिंतीकडे तोंड करतात. कित्येक बायका नवऱ्यासमोर उभ्या जन्मात काढत नाहीत. त्याने पाठ फिरवली, अंगठा वरच्या दातांमागे घातला आणि ओढली. कोणीतरी चहाची बशी पुढे केली. बशीत ठेवलेली कवळी क्ष-किरणवालीने कॅमेऱ्याखाली सरकवली आणि पडद्यावर ती भिंतीएवढी दिसू लागली, गुलाबी, ओली, एका बाजूला दुपारच्या भाकरीचा कण.

"ईऽऽ," कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

माप पाच मिनिटं चाललं. सुळ्याचा कोन जुळला, फट जुळली, समोरच्या दाताची झिजलेली कड जुळली. कवळीवाला वरचा ओठ आत ओढून, हात मांडीवर ठेवून बसला होता. आपल्या हातचं काम मोठ्या पडद्यावर इतकं चांगलं दिसेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"तंतोतंत आहे," क्ष-किरणवाली म्हणाली. मग तिने पडद्याकडे पुन्हा बघितलं. "जरा जास्तच तंतोतंत आहे. हे चित्र काय, कोणीही थांबवून बघू शकतं. बघून असे दात करणारा माणूस असेल तर करू शकतो. यांचा धंदाच तो."

"साचा आहे," तो म्हणाला. "तारीख कोरलेली." पण त्याच्या तोंडून ते काहीतरी भलतंच निघालं आणि दोघा-तिघांनी खाली बघितलं. कोशकाराला कळलं असावं, कारण तो म्हणाला, "तारीख काय, काल पण कोरता येते."

साडेतीन वाजले आणि टेबलावरचा फोन वाजला. हे आधीच ठरलेलं होतं. पाचवा राखणदार आता एकाहत्तर वर्षांचा होता आणि सुवर्णमहोत्सवासाठी मंडळाला दोन शब्द द्यायला त्याने होकार दिला होता. कोशकाराने फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. पाचव्याचीने दोन्ही हात तोंडावर घेतले.

आधी शुभेच्छा झाल्या, टाळ्या झाल्या, पाचव्याचीचं रडून झालं. मग कोशकाराने विषय काढला. "सर, एक वाद आहे. तुमच्या हाती दिवा दिला तेव्हा चौथे नव्हते. मग कोटात कोण होतं?"

"कोटात?" पाचवा हसला. एक्केचाळीस वर्षांनीही तो खर्ज तसाच होता. "अहो, कोणी नव्हतं. कोट टांगला होता स्टँडला. तोंड दिसतं ते मागाहून जोडलंय, दुसऱ्याच कुठल्या तरी चित्रणातलं. मी बाहीचं टोक धरलं आणि बोललो. एकट्यानं. पहिलाच दिवस होता, पण काही वाटलं नाही बघा मला."

"सर, एक गृहस्थ इथे आहेत, ते म्हणतात तेच होते."

"असं? द्या बरं त्यांना."

कवळीवाल्याने कवळीकडे हात केला. "थांबा काका, मापावरून हलवू नका," क्ष-किरणवाली म्हणाली, आणि कोशकाराने फोन त्याच्या तोंडासमोर धरलासुद्धा. "वाक्य म्हणा. आवाज ओळखतील ते."

त्याने म्हटलं. जीभ वर गेली आणि तिथे टेकायला काही नव्हतं. 'दि' हिरडीवरून घसरला, 'तु'ची नुसती हवा झाली. पस्तीस वर्षं ज्या चुकीसाठी त्याने लोकांच्या कवळ्या परत खाली आणून घासल्या, ती चूक त्याने स्वतःच्या कानांनी स्वतःच्या तोंडून ऐकली. मागच्या रांगेत एकाला हसू फुटलं, त्याने ते खोकून झाकलं.

मग तो फोनवर वाकला आणि जे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं ते बोलला. हात घट्ट धर रे, मला भीती वाटतेय. खोलीत ते कोणालाही कळलं नाही. एखादा म्हातारा झोपेत बरळतो तसं ऐकू आलं. पलीकडे मात्र एकदम शांतता झाली. श्वास ऐकू आला. त्याला वाटलं, पोचलं.

"आवाज तुटतोय," पाचवा म्हणाला. "कोणी आजोबा आहेत का? त्यांना पाणीबिणी द्या. बराय, मी ठेवतो."

पाण्याचा ग्लास खरोखरच आला. तो एक घोट प्यायला.

ठराव मग चटकन झाला. चौथ्याचं चित्र, पाचव्याचं चित्र, मध्ये टांगलेल्या कोटाचं लहान रेखाचित्र; कल्पना सगळ्यांना आवडली, पाचव्याचीला तर फारच. हात वर करायला सांगितले तेव्हा सगळ्यांचे वर गेले. कवळीवाल्याने तोवर बशी घेऊन कवळी धुवायला नळ गाठला होता, म्हणून त्याचा हात मोजला गेला नाही. परत आला तेव्हा लोक चहा पीत होते. त्याच्या खुर्चीवर कोणाची तरी पिशवी होती.

कोशकार वही घेऊन जवळ आला. खडूस होता, पण माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त मोकळे रकाने बघवत नसत. "काका, राग मानू नका. सभासद तुम्ही आहातच. तेवढं हे भरून टाकू. कोणाचे लिहू?"

"तुम्हीच लिहा काहीतरी," तो म्हणाला. आता 'त' स्वच्छ आला.

कोशकाराने पाचव्याचे असं लिहिलं. बहुमत तिकडेच होतं.

घरी बायकोने विचारलं, "दिली का अर्धी?"

"कोट होता म्हणे," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं. बोलायला तोंड उघडलं, पण काय दिसलं कोण जाणे, टोमणा मारला नाही. त्याला ते टोमण्यापेक्षा जड गेलं.

तीन आठवड्यांनी तक्ता छापून आला. वाचनालयाची भिंत भुसभुशीत होती, खिळा मारला की पोपडे पडत. कोशकाराचा फोन आला. "काका, तुमच्याकडे चांगलं प्लास्टर असतं ना? आणि हात बसलाय तुमचा." तो पिशवीत प्लास्टर, रबराची वाटी आणि पातळ सुरी घेऊन गेला. भोकं साफ केली, भरली, कडा बोटाने सपाट केल्या, वाळायला वीस मिनिटं दिली. मग नवे खिळे ठोकले आणि स्टुलावर चढून तक्ता लावला. काम असं झालं की भोकं कुठे होती हे शोधून सापडलं नसतं.

अकराव्याची म्हणवणारी एक नवी मुलगी तेवढ्यात आत आली. आठवड्यापूर्वीची सभासद, तिला कोणीच माहीत नव्हतं. तिने चित्रांवरून बोट फिरवत आकडे वाचले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. बोट थांबलं.

"काका, हे मध्ये काय आहे?"

"कोट आहे."

"कोणाचा?"

"चौथ्याचा," तो स्टुलावरून म्हणाला.

"अच्छा," ती म्हणाली आणि फोन वर धरला. "जरा बाजूला होता का? तुम्ही मध्ये येताय."

तो खाली उतरला आणि स्टूल उचलून बाजूला झाला.